चौथ्या चित्रातलं घर

मेंदूचे फोटो काढणाऱ्या मशीनवर बाई बारा वर्षं काम करत होत्या. बिघडलेल्या हवामानाची चित्रं पाहून माणसाच्या मेंदूत भीती कुठे जागी होते, याचा शोध तिथले डॉक्टर घेत होते. नवी चित्रं आली त्याच दिवशी चाचणीला यायचा माणूस फिरकलाच नाही.

"बाई, आज तुम्हीच आडव्या व्हा," डॉक्टर म्हणाले. "नुसती चित्रं तर बघायचीत."

वितळता बर्फ, जळकं रान बाईंनी निमूट पाहिलं. चौथं चित्र पुराचं होतं. छपरापर्यंत बुडालेलं ते घर त्यांचंच होतं. त्याच पाण्यात सासूबाई गेल्या होत्या. मशीनमध्ये हललं की फोटो बिघडतो; बाई हलल्या नाहीत.

नंतर डॉक्टर पडद्याकडे बघून चुकचुकले. "भीती फारच आलीय. बाकीच्यांशी मेळ बसत नाही. तुमची नोंद गाळावी लागणार."

"ते आमचं घर आहे, डॉक्टर."

"अरेरे! मग लगेच सांगायचं ना. तासभर फुकट गेला."

बाईंनी चपला घातल्या आणि मशीन पुसायला घेतलं. चित्र चाचणीत तसंच राहिलं. पुढची दोन वर्षं आपलं बुडालेलं घर त्या परक्या माणसांना दाखवत राहिल्या, आणि बहुतेकांच्या मेंदूत काही म्हणता काही हलायचं नाही.