घर आपलं, खालची जमीन लोकांची

माल साचला की मी डिस्काउंट लावतो. किस्से साचले की काय लावायचं, ते कोणी शिकवलं नाही! शाळेनं तर मला दहावीच्या पुढे काहीच शिकवलं नाही. अमेरिकेत सांता क्लाराच्या माझ्या गोडाऊनमध्ये जावा बेटावरचं जुनं सागवानी सामान येतं. पलंग, कपाटं, दारं, कधी सुटी केलेली अख्खी घरं. कपाट गिऱ्हाइकाकडे जातं, गोष्ट माझ्याकडे पडून राहते.

त्यातल्या निम्म्या गोष्टी सार्नोच्या. सार्नो माझा सुतार, जावातल्या एका लहानशा भातशेतीच्या गावचा. मला 'बॉस' म्हणतो आणि ऐकतो स्वतःचंच. हात थकले की गावी जायचं आणि आईच्या घरात राहायचं, एवढं एकच त्याचं पक्कं ठरलेलं होतं.

*

सार्नो कोणाची बेल वाजवत नाही. त्याच्या गावची रीत म्हणजे दारासमोर उभं राहून 'कुलोनुवुन' अशी हाक द्यायची. म्हणजे 'आहे का कोणी, येऊ का?' आतून 'मोंग्गो', म्हणजे 'या', असं ऐकू आलं की आत जायचं. नाही आलं तर उभं राहायचं.

सनीव्हेलला एक टेबल पोचवायला गेलो. दाराला कॅमेऱ्याची बेल. हा अंगणात उभा राहून हाका मारतोय. बाई ऑफिसात, फोनवर कॅमेरा बघतायत. मला कॉल आला, "काका, तुमचा माणूस माझ्या दारात मंत्र का म्हणतोय?"

मी वैतागलो. "अरे, बेल वाजव ना!"

"बेल भिंतीला असते, बॉस. मला माणसाला विचारायचंय."

"मग स्वतःच्या घरीही असाच ओरडतोस का?"

तो हसला. "आपल्या घरात कोण विचारून जातं? सरळ आत जायचं!"

*

शनिवारी न खपलेल्या पलंगांवर आम्हा मराठी मंडळींची चहाची बैठक भरते. एकदा एक तरुण इंजिनिअर सुटला होता, "गाव ते गाव, यार! आपल्या शेताच्या मातीचा तो वास..."

गायकवाड मॅडम चहा ढवळत होत्या. चिप टेस्टिंगमध्ये मोठ्या हुद्द्यावर आहेत, मूळच्या नांदेडकडच्या. म्हणाल्या, "तुमच्या मातीचा वास आम्हालाही यायचा. मजुरीला यायचो ना."

चहा एकदम गार झाला! सार्नोनं विचारलं, काय म्हणाल्या? मी इंग्रजीत सांगितलं. तर हा पोट धरून हसला.

मग त्यानं सांगितलं. गावात तीन तऱ्हेची माणसं. काहींना शेत आहे. काहींना शेत नाही, पण घरापुरती जागा आहे. आणि काहींना तीही नाही, ती दुसऱ्याच्या अंगणात घर उभं करून राहतात. सार्नोचे वडील या तिसऱ्यातले. घर त्यांचं, सागवानी, देखणं. खालची जमीन मालकाची. अंगणातली झाडंही मालकाची. एकदा भलामोठा फणस सुटला तो थेट छपरावर!

"मग रे?"

"कौलं फुटली ती आमची. फणस मालकाचा!"

गायकवाड मॅडम म्हणाल्या, "शेठ, ह्याचं गाव नांदेड जिल्ह्यात कुठे येतं, तेवढं विचारा."

*

ते घर एकदा चाललंसुद्धा! मालकाला अंगणातून बैलगाडीची वाट हवी झाली. तो म्हणाला, घर सरकवा. कौलं उतरवली, चारी बाजूंनी बांबू बांधले, गावातले बाप्ये जमले आणि सगळ्यांनी घर खांद्यावर उचललं. सार्नोची आई आत भात शिजवत होती. तिला हलायला सांगायचं कोणाच्या लक्षातच आलं नाही.

घर पुढे गेलं. चूल, भाताचं भांडं आणि आई तिथेच, उघड्यावर.

तिनं मान वर करून घराकडे पाहिलं आणि विचारलं, "पानं तिकडे घेऊ की इकडे?"

*

इथे सार्नो मोबाइल होम पार्कात राहतो. घर त्याचं स्वतःचं. खालच्या जागेचं भाडं पार्कच्या मालकाला. घराला चाकं आहेत, पण ती कधी फिरल्याचं कोणी पाहिलेलं नाही.

मी म्हटलं, "सार्नो, एवढा समुद्र ओलांडून आलास, तो पुन्हा दुसऱ्याच्या अंगणातच?"

"फरक आहे, बॉस. इथे फणस नाही."

*

मग गावी त्या अंगणाचा म्हातारा मालक वारला. त्याच्या मुलाला त्या जागेवर गाड्या धुण्याचं स्टेशन काढायचं होतं. त्यानं सार्नोच्या आईला निरोप धाडला, "घर उचला."

आता खांदे देणारे बाप्येही गावात उरले नव्हते. सगळे कुठे कुठे कामाला गेलेले. सार्नो गावात घराएवढा तुकडा शोधायला लागला. संध्याकाळी गोडाऊन बंद करताना फोन, ट्रक चालवताना फोन. पण पोरगा अमेरिकेत आहे म्हटल्यावर जो तो भाव चढवून सांगे. आपण अमेरिकेतही भाड्याच्या जागेत राहतो, हे सांगितलं तर कोणी मानेना.

एकानं तर त्यालाच विचारलं, "तिकडे मैलोन् मैल जमीन रिकामी पडलीय म्हणतात. मग आमच्या तुकड्यावर का डोळा?"

*

तुकडा मिळायच्या आत आईनंच निकाल लावला. माझा त्या भागातला खरेदीदार जुनी घरं बघत फिरत होता. तो तिच्या दारात गेला. तिनं एकच विचारलं, "लाकूड जाणार कुठे?" तो म्हणाला, "अमेरिकेला. तुमचा सार्नो काम करतो तिथेच." सौदा झाला! म्हातारी स्री नावाच्या आपल्या धाकट्या मुलीकडे राहायला गेली.

जाताना तिनं सार्नोला फोन केला. "तुला इथे जमीन देत नाहीत ना? घरच तुझ्याकडे पाठवलंय. तिथे उभं कर. मग बघू कोण उचला म्हणतो!"

कंटेनर उघडला. चुलीजवळचा खांब धुरानं काळा झालेला होता. सार्नोनं त्याला नाक लावलं.

मी म्हटलं, "ठेव इथेच. घर तुझं."

"उभं कुठे करू, बॉस?"

पार्कात त्याच्या वाट्याला चटईएवढं अंगण. आणि गोडाऊन तरी माझं कुठे आहे! मीही भाडेकरूच. माल आडवा ठेवता येतो, घर उभं करायचं म्हटलं की जमीन लागते.

आईला त्यानं एवढंच सांगितलं, "पोचलं." ती खूश झाली.

वर्ष गेलं. निजवून ठेवलेलं लाकूड वाकायला लागतं. बेलव्ह्यूच्या अश्विनी आणि निखिलनं फोटो बघितले आणि हट्टच धरला. मी सार्नोकडे बघितलं. तो म्हणाला, "देऊन टाका. पण उभं मी करणार."

*

बेलव्ह्यूला त्यांच्या मोठ्या बंगल्यामागे हिरवंगार लॉन. सार्नोनं एकेक खांब पुसून उभा केला. अश्विनी सारखी येऊन बघायची. "काका, इथे आम्ही मेडिटेशन करणार. तो काळा खांब पॉलिश करू नका हं, ऑथेंटिक वाटतो!" त्यांच्या चिमुरडीनं विचारलं, "डझ समबडी लिव्ह देअर?" अश्विनी म्हणाली, "नो बेबी, इट्स जस्ट फॉर शो."

शेवटचं कौल बसलं. नवराबायको आपापल्या मीटिंगांना बंगल्यात गेली. सार्नोनं गावी व्हिडिओ कॉल लावला आणि फोन माझ्या हातात दिला. "नीट धरा, बॉस. पूर्ण दिसलं पाहिजे."

पडद्यावर म्हातारी आणि तिच्या शेजारी स्री. स्री हाँगकाँगला घरकामाला राहून आलेली, तिचं इंग्रजी माझ्यापेक्षा बरं. म्हातारी पडद्याला डोळे भिडवून बघत होती. लॉन बघून तिनं तोंडावर हात ठेवला. स्री म्हणाली, "आई म्हणते, केवढं अंगण आहे तुझं, सार्नो!"

सार्नो आवरायला लागला. हत्यारं पिशवीत भरली. पायऱ्या झाडल्या. बूट काढले. मग दारासमोर जाऊन, हात पुढे बांधून, हळूच हाक दिली, "कुलोनुवुन."

बंगल्यातून कोणी आलं नाही. घरातून कोण येणार! तो तसाच उभा.

माझ्या हातातल्या फोनमध्ये म्हातारी एकदम खदखदून हसायला लागली. काहीतरी मोठ्यानं बोलली. मी स्रीला विचारलं, काय म्हणते?

स्रीलाही हसू आवरत नव्हतं. "आई म्हणते, अमेरिकेत राहून पोरगं येडं झालं! स्वतःच्या घराबाहेर उभं राहून कोणाला विचारतोय?"