परसातल्या चुलीवरचा गवती चहा

"आजी, नुसतं गवत उकळून काय पिता?" असं कुणी विचारलं की माझं डोकंच फिरतं. अहो, आधी एक पात चुरगाळून वास तर घ्या! मग पातीची गाठ मारून उकळत्या पाण्यात टाकायची, आलं ठेचून घालायचं, पाणी पिवळसर झालं की उतरवून झाकायचं. गूळ शेवटी. फार उकळलात तर वास उडून जातो आणि उरतो तो काढा. माझ्या माहेरी, मोखाड्याला, थंडीत सगळ्यांची सकाळ यानेच व्हायची.

लग्न होऊन जव्हारला आले तेव्हा वडिलांनी ओल्या फडक्यात बांधून त्याचा एक ठोंब दिला होता. आमचे हे संस्थानच्या कचेरीत कारकून. घरात सासूबाईंचं राज्य. ठोंब बघून त्या म्हणाल्या, "जे गुरं तोंडाला लावत नाहीत, ते माणसांनी का प्यावं?" मी तो मोरीच्या कडेला लावला. तो फोफावला आणि सासूबाई रोज त्याला नावं ठेवत राहिल्या.

दोन वर्षं झाली तरी माझी कूस उजवली नव्हती. तेव्हाची रीत अशी की लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचं अन्नच काय, पाणीही घ्यायचं नाही. वडील रीतीला पक्के. आले तरी ओटीवर बसायचे, स्वतःच्या तांब्यातलं पाणी प्यायचे आणि परत जायचे. मला ते फार लागायचं. वडील दारात यावेत आणि मी त्यांना घोटभर पाणीही देऊ नये!

त्या संक्रांतीला ते वाण, गूळ आणि घरचं आलं घेऊन बैलगाडीने आले. जव्हारची थंडी ती, सकाळी बोटं वळत नाहीत. वडील गाडीतून उतरले तेच कुडकुडत. अंग चटके बसावेत इतकं तापलेलं, तांब्या वाटेतच रिकामा झालेला. आणि याच तापात त्यांना परत जायचं होतं, कारण मुक्काम केला तर खावं लागणार. मी रडकुंडीला आले. "बाबा, घोटभर गरम घ्या हो." ते मान हलवत राहिले.

विहीणबाई व्याह्यांशी समोरासमोर बोलत नसत. सासूबाई दाराआडून मला म्हणाल्या, "विचार तुझ्या वडिलांना, त्यांच्या तांब्यात विहिरीचं पाणी चालेल का? विहीर साऱ्या आळीची आहे, आमच्या घरची नव्हे."

"चालेल म्हणावं," वडील म्हणाले.

"मग त्यातच पात उकळ. परसात तीन दगड मांड, म्हणजे चूलही आमची नाही. आणि गूळ, आलं अजून गाडीतच आहे ना, त्यांचंच? तेच घे."

मी बघतच राहिले. रोज ज्याला गवत म्हणून हिणवायच्या, त्याचीच पात कापायला बाई स्वतः विळा घेऊन उभ्या!

पण वडील माझ्यापेक्षा हट्टी. "सांग विहीणबाईंना, ठोंब माझा खरा, पण वाढला तो त्यांच्या मोरीच्या पाण्यावर."

सासूबाई दाराच्या आणखी जवळ सरकल्या. त्यांचा आवाज आला, नेहमीपेक्षा हळू. "त्यांना म्हणावं, तुमची लेकही दोन वर्षं आमच्याच पाण्यावर आहे. ती आता तुमची राहिली नाही का?"

वडिलांनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले आणि तांब्यावरचं फुलपात्र माझ्यापुढे धरलं.

मी परसात चूल पेटवली. पातीच्या कडेने बोट कापलं, धूर डोळ्यांत गेला, पण वास असा सुटला की आमच्या मोखाड्याच्या ओसरीवर बसल्यासारखं वाटलं. वडिलांनी फुंकर घालत सगळा चहा संपवला. कपाळावर घाम आला. म्हणाले, "आलं जरा जास्त झालंय." मला हसूही आलं आणि रडूही. सासूबाईंनी त्यांना ओटीवर घोंगडं दिलं. ताप उतरला तसे ते उन्हं कलायच्या आत निघाले.

पुढच्या शिमग्याला वडील देवाघरी गेले. आणि त्यानंतरच्या दिवाळीत मला मुलगा झाला.

बारशाच्या दिवशी पंगत मांडताना सासूबाईंनी सर्वांत आधी एक पाट रिकामा ठेवला. कुणासाठी म्हणून विचारायचं माझं धाडस झालं नाही. त्या स्वयंपाकघरात गेल्या, आमच्याच चुलीवर, आमच्याच हंड्यातलं पाणी घेऊन त्यांनी गवती चहा केला आणि आमच्या घरच्या पेल्यात ओतून त्या पाटापुढे ठेवला.

"आलं कमीच घातलंय," मला म्हणाल्या. "घ्या म्हणावं आता. आता कुठली रीत आड येत नाही."

मी भरल्या घरात सर्वांसमोर ढसाढसा रडले, आणि त्या मला गप्प राहा म्हणाल्या नाहीत.