खुंटीवरची पिशवी

आमच्या दाराशी खुंटीला एक खाकी पिशवी टांगलेली असते. समुद्राकाठी, अणुवीज केंद्राच्या जवळच आमचं गाव. कधी भोंगा वाजलाच आणि घर सोडायची वेळ आली, तर उचलायची ती ही पिशवी. तिच्यात पाणी, बॅटरी, रेडिओ, कागदपत्रं. दर अमावास्येला आई ती रिकामी करते, जुना चिवडा आम्हाला खायला घालते आणि ताजा भरते.

काल ती झटकताना एक चष्मा पडला. आमच्या घरात तर चष्मा कुणालाच नाही.

"हा कुणाचा गं?"

"शेजारच्या शेवंतामावशीचा, जुना. घाईत ती चष्मा विसरणारच!"

पाहुणे पिशवीकडे बघून विचारतात, "कसे राहता हो इथे?" मला मात्र तिच्याकडे पाहिलं की ताठ बसावंसं वाटतं. भीती कुणाच्या दारात नसते? तिला खुंटीला टांगून, शेजारणीचा चष्मा आठवणीनं जपून, निवांत जेवायला बसणारं हे घर माझं आहे.

"आणि तू काय विसरशील?" मी आईला विचारलं.

पिशवीचा बंद आवळत ती म्हणाली, "बीपीच्या गोळ्या. त्या शेवंताच्या पिशवीत आहेत."