आमच्या घरून एक रुपया

नातीनं फोनवर तिकिटाचा भाव सांगितला तेव्हा मी लसूण सोलत होते. भाव ऐकल्यावर सोललेल्या पाकळ्या सालांच्या ताटलीत आणि सालं वाटीत पडायला लागली.

“पंधराशे? पुढच्या खुर्चीचे?”

“नाही आजी, सगळ्यात मागच्या. पुढच्या सहा हजारांच्या आहेत. गेल्या वर्षी हीच मागची आठशेला होती. आणि वर दीडशे सोयीचे.”

“कोनाची सोय?”

“आपली. घरबसल्या तिकीट मिळतं ना.”

“मंग गानंही घरबसल्याच ऐकवा म्हना.”

नात पुण्याला नोकरी करते. कार्यक्रम अकोल्याला होता आणि गाणारी होती आमच्या जुन्या गायनपार्टीतल्या बाईची नात. तिची आजी दर वर्षी चौदा एप्रिलच्या जयंतीला आमच्या गावी, मेडशीच्या जरा आत, यायची. आम्ही तिला गोणपाटावर बसून ऐकलं, मांडीला मांडी लावून, आणि एका पैशाचंही तिकीट न काढता. आता तिच्या नातीला ऐकायचं तर पंधराशे, आणि तेही लांबून. मी सरळ नाही म्हटलं. यूट्यूबवर दिसते की ती, चांगली जवळून. तोंडातले दातसुद्धा मोजता येतात.

मग नात म्हणाली, “बरं, राहू दे. तुझं आधारकार्ड मागणार होते. तिकीट नावावर असतं, गेटवर नाव तपासून सोडतात.”

मी लसूण खाली ठेवला. “मोठ्यानं वाचतात का?”

“काय?”

“नाव. गेटवर. मोठ्यानं वाचतात का?”

“वाचत असतील. का गं?”

“काढ तिकीट,” मी म्हटलं. पोरगी गोंधळली. तिला कारण सांगितलं नाही. इथे सांगते, आणि हसायचं असेल तर खुशाल हसा.

माझं नाव आता कोणी घेत नाही. माझी आई घ्यायची, थोरली बहीण घ्यायची, माहेरची एक मैत्रीण तर इतकं लांबवून घ्यायची की विहिरीपासून शाळेपर्यंत ऐकू जावं. तिघीही गेल्या. गावात मी कोणाची काकू, कोणाची मोठीआई, आणि नवीन आलेल्या सगळ्यांची आजी. पूर्वी रेशनच्या दुकानात नाव पुकारायचे, आता अंगठा लावा. बँकेत आकड्याचा कागद देतात, भिंतीवर आकडा लागला की उठायचं. राहता राहिलं मतदान. तिथे तो साहेब यादीत बघून नाव खणखणीत वाचतो. मी आजवर एकही मतदान चुकवलेलं नाही, ग्रामपंचायतीचंसुद्धा नाही. लोकांना वाटतं म्हातारी फार जागरूक आहे.

आणि ज्याने घ्यावं असं वाटायचं त्याने तर ते जन्मभर घेतलं नाही. आमच्याकडे नवऱ्याने बायकोचं आणि बायकोने नवऱ्याचं नाव घ्यायची रीत नव्हती. मी निदान लग्नाकार्यात उखाण्यात तरी घेतलं. त्यांना तीही सोय नव्हती. गंमत अशी की हा माणूस पोस्टमन होता. दिवसभर सायकलवर चार गावांची नावं घेत फिरायचा. कोणाच्या दारात उभं राहून नाव पुकारलं की म्हैससुद्धा मान वर करून बघायची, असा आवाज. आणि संध्याकाळी घरी आला की “अवं”. पोरगा झाल्यावर “पोराची माय”.

त्या आवाजामुळेच जयंतीच्या कार्यक्रमात माइक त्यांच्या हातात असायचा. तेव्हा तिकीट नव्हतं, बक्षीस होतं. ज्याला गाणं आवडलं त्याने कागदावर नाव लिहायचं, त्यात रुपया नाहीतर आठ आणे गुंडाळायचे आणि पुडी हातोहात पुढे धाडायची. गाणं संपलं की माइकवरून पुकारा व्हायचा, अमक्या अमक्याकडून पार्टीला एक रुपया बक्षीस, पार्टी आभारी आहे. त्या एका वाक्यासाठी माणसं महिनाभर विडी सोडायची. मधोमध दोरी बांधलेली असायची, एकीकडे माणसं, एकीकडे बायका. दुपारीच जाऊन गोणपाट टाकायचं आणि त्यावर दगड ठेवून यायचं. मग ती जागा कोणी हलवायचं नाही.

लग्नाला वर्ष झालं होतं. त्या वर्षीची मी म्हणजे काय सांगू! सातवी पास, म्हणून स्वतःला तहसीलदारीण समजणारी. पदराला तीन रुपये बांधलेले होते, निंदणीला जाऊन जमवलेले, चुड्यांसाठी. पहिलं गाणं झालं आणि त्या शहाणीच्या डोक्यात आलं की मीही चिठ्ठी पाठवावी. म्हणजे त्यांना माझं नाव घ्यावंच लागेल, आणि तेही माइकवर, साऱ्या वस्तीसमोर. तिने वळणदार अक्षरात स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं, रुपया गुंडाळला, पुडी पुढे सरकवली आणि डोळे मिटून बसली, जशी काही कोणी तिची आरती ओवाळणार आहे.

त्यांनी चिठ्ठी उघडली. खाकरले. भोंग्यातून सगळ्या गावाने ते खाकरणं ऐकलं. मग म्हणाले, “एका भगिनीकडून पार्टीला एक रुपया बक्षीस. पार्टी आभारी आहे.”

भगिनी!

शेजारी माझी चुलत सासू बसली होती. पुडी तिच्याच हातून पुढे गेलेली. ती पदर तोंडात कोंबून हसायला लागली. “अवं, भाऊ झाला थो तुहा आता! राखी बांधजो!”

दुसरी कोणी शहाणी असती तर तिथेच थांबली असती. आमची बया कुठली थांबते! तिने दुसऱ्या चिठ्ठीवर नाव आणखी मोठं लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या. दुसरा रुपया गेला. “त्याच भगिनीकडून आणखी एक रुपया.”

आता बायकांची अख्खी बाजू हसत होती आणि माणसांना कळत नव्हतं काय चाललंय. ती पार्टीतली गाणारी मात्र हुशार. तिने पेटीवरूनच आमच्याकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं, आणि मोठ्याने म्हणाली, “भाऊसाहेब, चिठ्ठीवर लिव्हलं काय, थे वाचा ना!”

तिसरी चिठ्ठी गेली. चुड्या गेल्या. त्यांनी ती उघडली आणि बराच वेळ धरून ठेवली. पेटी थांबलेली. मग माइक तोंडापासून जरा लांब धरून, पोस्टमनच्या आवाजात नाही, घरातल्या आवाजात ते म्हणाले, “आमच्या घरून एक रुपया.”

माणसांची बाजू अशी उसळली की दोरी तुटली. त्या गडबडीत ‘पार्टी आभारी आहे’ म्हणायचं ते विसरलेच.

आणि बाईसाहेबांनी काय केलं? आठ दिवस अबोला धरला. का, तर नाव घेतलं नाही. सगळ्या गावासमोर मान खाली घालून लाल झालेला तो माणूस तिला दिसलाच नाही, तिला आपला शब्द हवा होता. आज ती भेटली तर मी तिचे दोन्ही कान पिळीन. चुड्या त्यांनी पुढच्या पगाराला आणल्या. हातात चढवून घेताना तिने तोंड वाकडंच ठेवलं होतं.

चार वर्षांपूर्वी ते गेले. दवाखान्यात भरती करताना नर्सने विचारलं, बाबा, सोबत कोण आहे, बायकोचं नाव सांगा. तोंडावरचा मास्क बाजूला करून ते म्हणाले, “तिलेच विचारा.” तेव्हाही मला राग आला होता. घ्या! सत्तरीतही अक्कल आली नव्हती.

तर तिकीट. नातीनं ते शेजारच्या सुनेच्या मोबाइलवर धाडलं, मी मेडशीला जाऊन झेरॉक्सच्या दुकानात त्याचा कागद काढून घेतला. वर नाव होतं, इंग्रजीत, पण माझंच. पूर्ण. दुकानदाराने वाचलं नाही, “वीस रुपये आजी” एवढंच म्हणाला. मला घाई नव्हती. मी त्या कागदाची चार घड्यांची पुडी केली, अगदी तशीच, आणि आत दहाची नोट ठेवली. कशाला, ते विचारू नका. हाताला सवय असते.

रविवारी दुपारच्या यष्टीने निघाले. कार्यक्रम चारला होता, मी दोनलाच मैदानावर हजर. लवकर गेलं की पुढची जागा मिळते, हे डोक्यातून गेलेलं नव्हतं. पिशवीत गोणपाटाऐवजी घडीची चटई घेतली होती आणि ती खुर्चीवर टाकून वर दगडाऐवजी पाण्याची बाटली ठेवायची, असा बेत होता. फाटकावर बाटली काढून घेतली. चटईकडे बघून तिथली बाई म्हणाली, “काकू, योगा नाहीये इथं.”

पुढे एक मिशीवाला माणूस हातात यंत्र घेऊन उभा. मी पुडी उलगडली, नोट काढून मुठीत धरली आणि कागद त्याच्यापुढे धरला. पदर सारखा केला. आज मतदान नसतानाही कोणीतरी मोठ्याने वाचणार.

त्याने यंत्र कागदाला लावलं. टुक्‌ झालं. “चला आजी.”

मी हलले नाही. “नाव नाई पाह्यलं तुमी?”

“नाव लागत नाही आजी. कोड लागतो.”

“पन लिव्हलं हाये ना वरतं. मोठं हाये.”

“असू द्या. तुमची एन्ट्री झाली.”

“वाचून तर पाहा. बराबर हाये का नाई.”

“आजी, मागं लाइन लागली,” तो म्हणाला. रागाने नाही, चांगलाच बोलला बिचारा. माझ्या मनगटाला निळ्या कागदाची पट्टी चिकटवली आणि हाताला धरून मला पुढे सरकवलं. मागून एक पोरगी म्हणाली, “मम्मी, आजींना इंग्लिश वाचता येत नसेल.”

ती पट्टी बघत मी बराच वेळ उभी होते. दवाखान्यात त्यांच्या मनगटाला असलीच होती. तिच्यावर निदान नाव होतं.

निळ्या पट्टीच्या खुर्च्या इतक्या मागे होत्या की तिथून स्टेज काडेपेटीएवढं. पुढे जायला लागले तर लोखंडी कठडा. माणसं इकडे, बायका तिकडे अशी दोरी मात्र कुठेच नव्हती. माझ्या रांगेत नवरे-बायका खांद्याला खांदा लावून बसलेले. एक जण बायकोला नावाने हाका मारत होता, सारखा, पाण्यासाठी, पॉपकॉर्नसाठी, फोटोसाठी. ती ओ देत नव्हती. मला तिला कोपर मारून सांगावंसं वाटलं, ओ दे गं भवाने. माझ्या डावीकडची खुर्ची रिकामी होती, आणि जन्मात पहिल्यांदा आम्हाला शेजारी बसून गाणं ऐकता आलं असतं. पाच मिनिटांत तिथे एक बाई येऊन बसली.

कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी निवेदकाने नावं वाचायला सुरुवात केली. माझे कान उभे राहिले. पण ती दुकानांची नावं होती. कपड्यांचं, प्लॉटचं, ट्रॅक्टरचं. प्रत्येकाला जोरदार टाळ्या. आभारी कोणीच नव्हतं.

पोरगी चांगली गायली. खोटं कशाला बोलू. आजीच्या आवाजातली खरखर उतरली आहे तिच्यात. सगळ्यात शेवटी तिने आजीचं गाणं घेतलं, तेच, ज्याच्यानंतर तिसरी चिठ्ठी गेली होती. ढोल असा वाजत होता की खुर्चीचे पाय थरथरत होते. सगळी माणसं उभी राहिली, मोबाइल वर झाले, आणि माझ्यापुढे नुसत्या पाठी. स्टेज दिसेना, त्याच्या बाजूचा मोठा पडदा दिसेना. मी बसूनच होते, मुठीत ओलसर झालेली दहाची नोट. पुढे द्यायची तर कोणाच्या हातात द्यायची?

तेव्हा मी पुकारलं. मोठ्याने. तरी त्या ढोलाच्या आवाजात मलाच नीट ऐकू आलं नाही. आधी त्यांचं नाव घेतलं, उखाण्याशिवाय, कोरडं, पाकिटावर असतं तसं पूर्ण. मग त्याला जोडून माझं. मग, यांच्याकडून पार्टीला दहा रुपये बक्षीस.

डावीकडच्या बाईने मोबाइल खाली केला आणि माझ्याकडे वाकली. “काही म्हणालात का काकू? कोणी सोबत आहे का?”

“नाही,” मी म्हटलं. “आमच्या घरून होतं.”

तिने समजल्यासारखी मान हलवली आणि मोबाइल पुन्हा वर केला.

सातला संपलं. मेडशीची यष्टी अर्धी रिकामी होती, मला खिडकी मिळाली. पातूरचा घाट लागेपर्यंत पट्टी निघते का बघत होते, कात्रीशिवाय निघेना. कंडक्टरने विचारलं, “कुठं जायचं आजी?” मी सांगितलं. त्याने तिकीट फाडलं. त्याच्यावर नाव नव्हतं, आणि म्हातारी म्हणून पैसेही नव्हते. तो पुढे गेला, तेव्हा राहिलेलं वाक्य आठवलं, ते मी खिडकीकडे तोंड करून म्हणून टाकलं. पार्टी आभारी आहे.