नाव ठेवणारे जावई

लोकांना नावं ठेवणारी माणसं मी आयुष्यभर पाहिली, त्यांत मीही आले. पण नुसतं नाव ठेवायचा पगार घेणारा माणूस साऱ्या नवी मुंबईत एकच, आणि तो आमच्या वरच्या मजल्यावर राहतो. बायकोच्या माहेरच्या फ्लॅटमध्ये राहायला आले म्हणून ते अख्ख्या सोसायटीचे जावई झाले. आता साठीला टेकले, तरी वॉचमनसुद्धा त्यांना जावईच म्हणतो. नोकरी पाळण्यांच्या मोठ्या बागेत. तिथे नवी रोलर कोस्टर आली की तिचं नाव काय, तिची गोष्ट काय, जाहिरात कशी करायची, हे ठरवायचं काम यांचं. स्वतःला मात्र गच्चीवर कपडे वाळत घालतानाही गरगरतं.

"मावशी, नुसतं खाली पडायला कोण येईल? पडायला कारण लागतं," असं ते म्हणतात. भीती रांगेतच शिजवायची, वर नेऊन नुसती वाढायची, ही त्यांची रीत. सोसायटीचे सेक्रेटरी झाले तेव्हा ही खोड घरापर्यंत आली. लिफ्ट बंद पडली तर शहाणा माणूस 'लिफ्ट बंद आहे' एवढं लिहील. यांनी लिहिलं, 'सात मजले. एकच वाट. आहे छाती?' चौथ्या मजल्यावरचे दमेकरी आजोबा ते वाचून दोन दिवस घराबाहेर पडले नाहीत. एकदा नव्या राइडसाठी यांनी हमरस्त्यावर काळा फलक लावला, त्यावर दोनच शब्द, 'तो येतोय'. लोकांना वाटलं, कुणी पुढारी निवडणुकीला उभा राहतोय. चार दिवसांत फलकाखाली हार लटकला आणि कडेला तीन शुभेच्छुकांचे फोटो लागले. जावई खूश! "बघा मावशी, उत्सुकता वाढली की नाही?"

नाव पारखायला ते माझ्याकडे येत. चौथी शिकलेल्या बाईला एकदा ऐकून म्हणता आलं तर ते नाव चालतं, असं त्यांचं मत. दारात उभे राहून एकदम ओरडायचे, "काळदंष्ट्र!"

"अवो जावई, पडता पडता ह्ये कुनाच्या तोंडातून निघंल? दातखीळ बसंल."

"मग ड्रॅगन?"

"ड्रॅगन कोनी बघलाय इथं? घोनस म्हना, मी आत्ता पाय वर घेते."

ते मुकाट्याने वहीत लिहून घेत. पण शेवटी हेड ऑफिसातून कुठलं तरी इंग्रजी नाव यायचं आणि त्यांचं नाव वहीतच राहायचं. इतक्या वर्षांत त्यांनी ठेवलेलं एकही नाव बागेत लागलं नाही. घरीही कधी बारसं झालं नाही. नवरा-बायको त्याबद्दल बोलत नाहीत, मी विचारत नाही.

यंदा निवृत्तीला चार महिने उरले आणि त्यांची शेवटची राइड आली. खुर्चीवर टेकून म्हणाले, "मावशी, एक तरी नाव माझं राहू दे. पोरांनी त्या नावानं ओरडावं, बस." त्या दिवशी त्यांच्या बोलण्यात गंमत नव्हती.

मी म्हटलं, "लोकान्ला घाबरवायचं ना? मंग 'खांड' ठेवा."

आणि त्यांना सांगितलं. माझं माहेर तळवली. आता टॉवर आहेत तिथे आमची भातशेतं होती आणि खाडी अडवायला मातीचा बांध होता. उधाणाला बांध फुटला की त्या भगदाडाला आम्ही खांड म्हणायचो. कुणी 'खांड गेली!' ओरडलं की सारं गाव पाट्या घेऊन माती टाकायला धावायचं. माझी आई बाळंतीण असताना धावली होती. खारं पाणी आत शिरलं तर खायचं काय?

"कसं ओरडायचे लोक?" त्यांनी मोबाइल पुढे धरला. मी ओरडले. समोरच्या फ्लॅटवाल्यांनी घाबरून दार उघडलं.

नाव पास झालं. जावयांनी सातही मजल्यांवर पेढे वाटले आणि उद्घाटनाला मला हाताला धरून नेलं. पाहते तर सगळं गुलाबी! हेड ऑफिसचे साहेब गुजराती, त्यांच्या घरी खांड म्हणजे साखर. त्यामुळे रुळांभोवती खडीसाखरेचे डोंगर आणि दारात मोठं रडणारं अस्वल. 'खांड गेली' म्हणजे अस्वलाची साखर संपली.

"तुमी सांगितलं नाय त्यांना?"

"सांगितलं की. म्हणाले, चिखल कोण बघायला येईल, गोड ठेवा."

"मंग?"

"म्हटलं, रंग तुमचा घ्या. पण नाव राहू दे, आणि आवाज राहू दे."

आम्ही खाली बाकावर बसलो. गाडी चढत चढत टोकाला गेली, थांबली, आणि भोंग्यातून माझा आवाज आला, "खांड गेली रं! धावा!" गाडी कोसळली. रांगेतली सगळी पोरं एका दमात ओरडली, "खांड गेलीऽऽ!" जावई डोळे मिटून ऐकत होते. बारशाला आत्यानं कानात कुर्र केल्यावर बापाचा असतो, तसा चेहरा.

अस्वल भिकार आहे, हे मी त्यांना सांगणार होते. तेवढ्यात गाडी पुन्हा टोकाला पोचली. या खेपेला तो आवाज मला माझा वाटला नाही, आईचा वाटला.

"मावशी, बसा ना," जावयांनी हळूच माझा पदर ओढला. तेव्हा कळलं, मी उठून उभी राहिले होते आणि पाटी कुठे ठेवली ते बघत होते.