पेट्रोल गाडीची काजळी

"कापून फेक म्हटलं ना तो डबा!"

"नाई कापत!"

"गाडी माझी, सायलेन्सर माझा. तुमच्या पोटात काऊन दुखून राह्यलं?"

"गॅरेज माझं आहे म्हणून!"

मूल गावातल्या आमच्या गॅरेजात हे भांडण असं ऐन रंगात आलेलं. एका बाजूला रिटायर्ड मास्तर, नवी कोरी पेट्रोल गाडी घेतलेले. दुसऱ्या बाजूला मी. मधे माझा भाचा प्रमोद, चाळिशीचा बाप्या, हातात कटर घेऊन एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत उभा. आणि बाकावर मास्तरांची बायको शांताबाई, तोंडाला दम्याचा पंप लावून. दोघं दवाखान्यातून थेट आमच्याकडे आलेले. डॉक्टरनं सांगितलं होतं, यांना धुरापासून जपा. आणि मास्तर काय कापायला निघाले? धूर अडवणारी गाळणीच!

हो, डबा म्हणजे गाळणी. सायलेन्सरच्या वाटेत बसवलेली असते, पेट्रोलची काजळी धरून ठेवते. ती भरली की समोर पिवळा दिवा लागतो. मास्तर त्या दिव्याला कंटाळले होते.

भांडण कसं मिटलं ते सांगते. पण त्याआधी बाकीचंही ऐका. आमच्याकडचे किस्से त्या काजळीसारखेच आहेत, एक पुसला की बोटाला दुसरा लागतो.

* * *

ही काजळी पहिल्यांदा दिसली, गाड्यांना गाळणी यायच्याही आधी, तेव्हा कोणाचाच विश्वास बसला नाही. माजरीचे एक खाणीतले भाऊ नवी पेट्रोल गाडी घेऊन आले. सायलेन्सरमधे बोट घातलं, बोट काळंकुट्ट!

"बाई, पेट्रोल गाडीले काजळी कशी?"

"अहो, तुम्ही राहता कुठी? कोळशात! धूळ बसली असन. जा घरी."

भाऊंना पटलं, गेले. मलाही पटलं. पुढच्याच आठवड्यात आलापल्लीहून तसलीच गाडी आली. भोवती सागाचं जंगल, कोळशाचा पत्ता नाही. बोट घातलं, काळंच!

प्रमोद हळूच म्हणाला, "आत्या, आता याले सागाची धूळ सांगू का?"

मी चुकले नव्हते. इंजिनच बदललं होतं, आणि मला कोणी विचारलं नव्हतं!

* * *

मग बसले त्या इंजिनाचं इंग्रजी पुस्तक घेऊन. माझी शाळा चौथीतच सुटली. इंग्रजी मी स्पेअर पार्टच्या खोक्यांवरून शिकले, आणि अडलं की डिक्शनरी. कोणाच्या बापाला विचारलं नाही. आठ दिवसांनी गॅरेजातल्या सगळ्यांना चहाला बसवून समजावलं.

"पहिले पेट्रोल बाहेर हवेत मिसळे आन् मंग आत जाये. आता थेट आत फवारतात. त्याच्यानं अॅव्हरेज वाढते. पण इंजिन थंडं असलं का पेट्रोलचे थेंब भिंतीले चिकटतात, पुरे जळत नाईत, त्याची काजळी होते. थंड्या तव्यावर धिरडं टाकल्यावानी. समजलं?"

"समजलं," सगळे म्हणाले.

"म्हणजे गाडी उभी ठेवून आधी गरम करायची," प्रमोद म्हणाला.

"नाई! उभ्या गाडीचं इंजिन लौकर तापत नाई. तेवढा वेळ काजळीच निघते. स्टार्ट करायची आन् हळूहळू निघायचं."

"म्हणजे थंडीच चालवायची?"

"चालवून गरम करायची!"

"पण थंडी असली का काजळी होते म्हणता ना?"

चहा थंड झाला. त्यांना समजावता समजावता माझंच डोकं फिरलं. रात्री उठून पुन्हा पुस्तक उघडलं, मीच बरोबर होते!

* * *

आलापल्लीवाले गाडीमालक पुन्हा आले ते कागद नाचवतच.

"बाई, हे पाहा! पीयूसीत पास! तुम्ही म्हणता काजळी, सरकार म्हणते गाडी साफ."

"त्यांनी पाइपात नळी घालून काय मोजलं?"

"गॅस."

"काजळी मोजली?"

"पेट्रोलची नाई मोजत म्हणे."

"मंग पास कशात झाली?"

त्यांनी कागद उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. शेवटी म्हणाले, "बाई, तुमच्याकडं आलं का माणूस पास होऊनही नापास होते!"

* * *

गाळणी भरली की दर वेळी कापायची, धुवायची काही गरज नसते. मोकळ्या रस्त्यावर गाडी लांब पळवली की गाळणी तापते, मधेमधे अॅक्सिलेटरवरून पाय काढला की आत हवा जाते आणि अडकलेली काजळी जळून जाते. आमच्या गावात राइस मिल ते बाजार, बाजार ते घर एवढीच गाडी फिरते, मग ती तापणार कधी?

एक मिलवाले भाऊ असाच पिवळा दिवा घेऊन आले. त्यांना म्हटलं, "लांब चक्कर मारून या."

"कुठी जाऊ?"

"कुठीही जा, पण लांब जा!"

भाऊ गेले ते थेट सिरोंच्याला, सासुरवाडीला. चार दिवसांनी परत आले, तोंड एवढंसं.

"दिवा गेला का?"

"दिवा गेला, बाई." मग मागच्या सीटकडे पाहून आवाज खाली आणला. "पण सासू आली!"

* * *

प्रमोदला एकदा भंगारात फुटकी गाळणी सापडली. आत काय आहे ते बघायचं म्हणून त्यानं ती ग्राइंडरनं उघडली. मधाच्या पोळ्यासारखी बारीक बारीक भोकं, आणि काजळीखाली कपबशीसारखी पांढरी माती. बघतच राहिला.

"आत्या, एवढी महाग गाडी आन् आत मडकं बसवलं? फसवून राह्यले लोकाईले!"

"अरे, ते तापते म्हणून मातीचं. लोखंडाची भोकं इतकी बारीक कोण पाडन?"

त्याला ते पटलं नाही. मडकं घरी नेलं. हल्ली त्याची बायको त्यात अगरबत्त्या खोचते. भोकं भरपूर आहेत म्हणे!

* * *

तर मास्तर. त्यांचा आवाज चढलेलाच.

"मी गाडीची किती काळजी घेतो, माहीत आहे तुमाले? रोज सकाळी पोर्चमधे स्टार्ट करतो. पेपर वाचून होतपर्यंत चालूच ठेवतो. जीप होती तवापासूनची सवय आहे माही. तरी दिवा लागते म्हणजे डब्यातच खोट आहे!"

"आन् पेपर कुठी वाचता?"

"घरात. पंख्याखाली."

"शांताबाई कुठी असतात तवा?"

"ही? ही तिथीच. गाडीच्या मागं ओट्यावर सकाळचं ऊन येते ना, तांदूळ निवडत बसते."

प्रमोदनं कटर खाली घेतला. मास्तरांना मात्र आपण काय बोललो याचा पत्ता नव्हता. "काप रे तू!" त्यांचं चालूच.

तेव्हा बाकावरून शांताबाईंनी मला विचारलं, "बाई, ह्या डब्यात जे अडकून राह्यते, ते डबा काढल्यावर कुठी जाईन?"

"मागं. बाहेर."

"दिसन?"

"नाई. लई बारीक राह्यते. दिसत नाई, छातीत जाते."

शांताबाईंनी पंप पिशवीत ठेवला, गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि मास्तरांकडे न बघता प्रमोदला म्हणाल्या, "काप बापा, पण उद्यापासून सकाळी गाडी मी गरम करीन, आन् ओट्यावर माह्या जागी तांदूळ निवडाले हे बसतीन."