पापड वाकला की खोली नापास

मी वासुदेवकाकांना एकदा फसवलं होतं.

ते आज पहाटे वारले, पार्से गावात, आपल्या घरी. त्यामुळे आता हे जाहीर सांगायला हरकत नाही. त्यांना तर आधीपासूनच माहीत होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: काका सर्व्हेच्या ऑफिसातून रिटायर झाले आणि पेडण्यात आमचं दप्तरघर सांभाळायला लागले. जुन्या शाळांची रजिस्टरं, पोर्तुगीज काळातले जमिनीचे कागद, देवळांच्या याद्या, दशावताराच्या नोटिसा. कुणीही यावं, बघावं, नक्कल घेऊन जावं. मी त्यांची असिस्टंट. लायब्ररी सायन्सची डिग्री असलेली, म्हणजे जरा जास्तच शहाणी.

जुनी, माडीवरची खोली गळायला लागली होती. दप्तरघर चालवणाऱ्या कमिटीने नवा हॉल दिला. तळमजला, रस्त्यालगत, एसी, चकचकीत टाइल्स.

मी खूश. म्हाताऱ्या माणसांना जिना चढावा लागणार नाही, आणि खरं सांगायचं तर मला स्वच्छ टॉयलेट मिळणार होतं.

काकांनी हॉल बघितला आणि पिशवीतून चार फणसाचे पापड काढले. चार कोपऱ्यांत चार ठेवले.

"आठ दीस रवांदे. पापड वाकलो की खोली नापास."

मी म्हटलं, "काका, दमटपणा मोजायला मीटर मिळतो."

"मेळता तर घेवन ये. तोवर पापड."

दिवाळी होऊन गेली होती, बाहेर खणखणीत ऊन. पण हॉल शेतात भर टाकून बांधलेला. काका म्हणायचे, "कागदांक भूक नसता गो बाय, तहान आसता. भिंतीतलां पाणी पितत ते."

सातव्या दिवशी मी हळूच जाऊन बघितलं. चारही पापड मऊ.

तोपर्यंत पाहुणे ठरले होते. उद्घाटनाची कार्डं छापून झाली होती. चार पापडांपायी हॉल हातचा जाणार म्हणून माझं डोकंच फिरलं.

मी बाजारात गेले, फणसाचे पापड घेतले आणि आठव्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या आधी पोचून बदलून टाकले.

काका आले, मागून कमिटीवाले. काकांनी एक पापड उचलला. कट्कन मोडला. तुकडा तोंडात टाकला, सावकाश चावला.

अध्यक्ष म्हणाले, "काय काका, पास मां?"

काका माझ्याकडे बघत होते.

"आनीक आठ दीस रवांदे," म्हणाले. बस्स, एवढंच.

सगळे गेल्यावर मला जवळ बोलावलं.

"आमच्या घरातल्या पापडाक मीठ नसता गो. माझा बीपी. ह्यो मस्त खारट आसा."

जमिनीने मला पोटात घ्यावं असं वाटलं. मी रडायच्या बेतात, आणि हा माणूस चक्क उरलेला पापड खात होता!

मग त्यांनी हॉलची किल्ली माझ्या हातावर ठेवली. घरचे चार पापडही दिले.

"आता तूच ठेव, तूच बघ, तूच सांग. मी येवचंय नाय."

"आणि मी खोटं सांगितलं तर?"

"सांग. माझ्या मागसून ह्या कागदांकडे तूच बसतलंस मां?"

मी ते चार पापड चार कोपऱ्यांत ठेवले.

आठव्या दिवशी उचलले तर पापड ओल्या रुमालासारखे लोंबले. मी मीटिंगमध्ये उभी राहिले आणि सांगितलं, हॉल नको. इथे कागद ठेवले तर काही पावसाळ्यांत त्यांचा लगदा होईल.

एक मेंबर म्हणाले, "बाय, तुजी नोकरी अजून पर्मनंट नाय, ध्यानात आसा मां?"

काका मागच्या खुर्चीवर होते, पण तोंडातून शब्द काढला नाही. तेव्हा मला त्यांचा भयंकर राग आला होता.

पण मी बसले नाही. शेवटी त्याच इमारतीत पहिल्या मजल्यावरच्या मागच्या दोन खोल्या मिळाल्या. आणि जिन्याचं काय, तर काकांनी खाली एक टेबल टाकलं. "म्हाताऱ्यांनी वयर चढाचां नाय. कागद खाली येतले."

गेल्या पावसाळ्यात त्या चकचकीत हॉलच्या भिंतीला कमरेपर्यंत बुरशी चढली. मी फोटो काढून काकांना पाठवला. त्यांनी फक्त अंगठा पाठवला.

आज सकाळी ते गेल्याचं कळलं. थोड्या वेळाने कमिटीचा फोन आला. "आज दप्तरघर बंद ठेव. दारावर बोर्ड लाव."

मी बोर्ड घेऊन खाली गेले, तर टेबलापाशी एक आजी बसलेल्या. हरमलहून दोन बस बदलून आलेल्या. शाळेतलं आपलं नाव बघायचं होतं. जन्मतारखेचा दुसरा कुठलाच पुरावा त्यांच्याकडे नव्हता.

मी कुणाला विचारलं नाही. बोर्ड उलटा करून ठेवला आणि वर जाऊन रजिस्टर आणलं.

नाव सापडलं. शाई जशीच्या तशी. पुढे वडिलांची सही. आजींनी त्या सहीवर बोट ठेवलं आणि कितीतरी वेळ उचललंच नाही.

"माझो बापूस," म्हणाल्या. "त्याचो फोटो पण नाय गो आमच्याकडे."

त्यांना नक्कल करून दिली, बसमध्ये बसवलं, मग दार बंद केलं आणि पार्शाला गेले. पोचायला उशीर झाला. कुणीतरी रागाने बघितलं. बघू दे.

काका, सगळे कागद कोरडे आहेत.

तुम्ही निवांत जा.